समुद्रापर्यंतची रांग

जुलैतला रविवार. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि हवा आत्ताच अंगाला चिकटायला लागली आहे. हेम्पस्टेड हार्बर नावाच्या खाडीकाठी एका छोट्या किनाऱ्याच्या फाटकाशी मी उभी आहे. फाटकावर पाटी आहे : फक्त रहिवाशांसाठी. टोपी घातलेली, कॉलेजच्या वयाची एक मुलगी घडीच्या खुर्चीत बसली आहे. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेवर ती गावाचा स्टिकर शोधते. स्टिकर दिसला की मान हलवते, गाडी आत जाते. नसला की हसून, अगदी मऊ आवाजात गाडी वळवायला सांगते.

एक गाडी वळते. मागच्या सीटवर फुगवलेली रबरी मगर आहे. तिच्याआडून दोन पोरं मान वाकडी करकरून पाण्याकडे बघतात. पाणी हाकेच्या अंतरावर आहे.

न्यूयॉर्क शहराची पूर्वेकडची हद्द संपते तिथे नॅसॉ काउंटी सुरू होते. लाँग आयलंड या लांबट बेटाचा हा आडवा पट्टा. उत्तरेला शांत उथळ सामुद्रधुनी, दक्षिणेला अटलांटिक. रस्ता मोकळा असेल तर एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत जायला तासभरसुद्धा लागत नाही. आज रस्ता मोकळा नसणार. तरीही मी दक्षिणेकडे निघते आहे, कारण तिकडचा किनारा सगळ्यांचा आहे.

इकडच्या काठाला वाळू कमी, गोटेच जास्त. मधूनच हत्तीएवढा एखादा धोंडा, अंगावर शेवाळ घेऊन अर्धा पाण्यात बसलेला. हे धोंडे इथले नाहीत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेलं बर्फ इथवर येऊन थांबलं. नांगराच्या फाळापुढे माती साचावी तशी त्याच्यापुढे दगडमाती साचली. बर्फ वितळून गेलं, ढीग राहिले. रस्ता आता त्याच ढिगांवरून वळत वर चढतो. रोझलिन गावाजवळची हार्बर हिल ही काउंटीतली सर्वांत उंच जागा. उंची साडेतीनशे फुटांच्या आत-बाहेर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा चढ चढासारखा वाटत नाही. पण इथे झाडी दाट आहे, सावली आहे, गाडीच्या काचा खाली केल्या की गारवा लागतो.

सावलीमागे कुंपणं आहेत. उंच, नीट कापलेली हिरवी कुंपणं, आणि त्यांच्यातून आत वळत नाहीसे होणारे खाजगी रस्ते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या धनिकांनी या टेकड्यांवर शेकडो प्रासाद बांधले. ‘द ग्रेट गॅट्सबी’ या १९२५च्या कादंबरीतल्या मेजवान्या याच किनाऱ्यावरच्या. बरेचसे प्रासाद पाडले गेले, जमिनींचे तुकडे पडले. या किनाऱ्याला पडलेलं गोल्ड कोस्ट हे नाव मात्र टिकून आहे.

टेकड्या उतरल्या की जमीन एकदम सपाट होते. बर्फाच्या पाण्याने वाहून नेलेली वाळू आणि खडी पसरत पसरत समुद्रापर्यंत गेली, तिचं हे मैदान. सावली संपते. स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो.

एका कॉलेजच्या आवारालगत मी गाडी थांबवते. कुंपणाआड गुडघ्याएवढं गवत आहे, वाऱ्याने एकाच बाजूला कललेलं. रातकिडे भर दिवसा ओरडतायत आणि त्यांच्या पलीकडे महामार्गाची घरघर. हेम्पस्टेडचं माळरान ते हे. झाड नसलेला हा गवताळ प्रदेश एकेकाळी हजारो एकर पसरला होता. इथले मूळ रहिवासी त्याच्या कडेकडेने राहत. मॅसापिक्वा, मेरिक, मॅनहॅसेट ही गावांची नावं त्यांच्याकडूनच आलेली. १६४४ साली इंग्रज वसाहतवाले आले आणि त्यांची गुरं या गवतावर चरू लागली. १६६५ साली इथे घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. जतन केलेला तुकडा आज जेमतेम १९ एकरांचा आहे. गवताच्या कडेला एक पाटी, दोन बाक. बाकांवर कुणी नाही. मला इथून पाय काढवत नाही. काउंटीचं मूळ रूप पाहायचं तर आता एवढीच जागा उरली आहे.

मैदान मोकळं होतं म्हणून विमानं आली. थोड्याच अंतरावर रूझवेल्ट फील्ड, एकेकाळचा विमानतळ. २० मे १९२७ च्या सकाळी चिखलाच्या धावपट्टीवरून पंचवीस वर्षांच्या एका टपाल वैमानिकाने इथून एकट्याने उड्डाण केलं आणि साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला. आज इथे मॉल आहे, १९५६ पासून. डांबरी पार्किंगवर हवा थरथरताना दिसते. बायका पिशव्या सावरत, पावलं उचलत वातानुकूलित दारांकडे जातात. पूर्वेला काही मैलांवर बेथपेज. चंद्रावर माणसं उतरवणारी सहाच्या सहा यानं तिथल्या कारखान्यात तयार झाली.

साडेदहा. हिक्सव्हिल.

स्टेशन खांबांवर उचललेलं आहे आणि खालच्या सावलीत टॅक्सीवाले वाट पाहत उभे आहेत. रेल्वे इथे १८३७ साली पोचली आणि त्याच वर्षीच्या आर्थिक मंदीने काही काळ इथेच अडली. तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आज ब्रॉडवेवर एका रांगेत साड्यांची दुकानं, दागिन्यांची दुकानं, चाटवाले. किराणा दुकानाच्या दारात मेक्सिकन आंब्यांच्या पेट्या रचल्या आहेत. एक आजी पेटीच्या जाळीतून बोट घालून आंबा दाबून बघते, नाक जवळ नेते, मान हलवते आणि पुढची पेटी उघडायला लावते. आत कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचा फवारा उडतोय. काउंटरपाशी पंजाबी, गुजराती, मल्याळम. भाजणीच्या पाकिटाशी मराठीही कानावर पडते : “अहो, घ्या दोन. परत कोण येणारे एवढ्या लांब!” या काउंटीत आज साधारण दर आठ माणसांमागे एक आशियाई वंशाचा आहे. रस्त्यावर उभं राहिलं की तो आकडा वेगळा सांगावा लागत नाही.

तिथून दहा मिनिटांत लेव्हिटाउन.

रस्ते मुद्दाम वळणदार आखलेले. घरं लहान, बसकी, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. प्रत्येकापुढे हिरवळीचा तुकडा. कुणी वर मजला चढवलाय, कुणी बाजूला खोली काढली आहे. मूळचं घर शोधावं लागतं. ते होतं साडेसातशे चौरस फुटांचं. तळघर नाही, जमिनीवर थेट काँक्रीटचा थर. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती आणि इथे बटाट्याची शेतं होती. बांधणाऱ्यांनी कामाचे सव्वीस-सत्तावीस टप्पे पाडले. एक टोळी फक्त पाया घालणारी, एक फक्त रंग देणारी. टोळ्या घराघरापुढून सरकत गेल्या. पहिली कुटुंबं १ ऑक्टोबर १९४७ ला राहायला आली, महिना ६० डॉलर भाड्याने. १९५१ पर्यंत १७,४४७ घरं उभी राहिली.

एक म्हातारे गृहस्थ हिरवळ कापतायत. यंत्र बंद करून घाम पुसतात. ही हिरवळ तेव्हा दर आठवड्याला कापावीच लागे, कुंपण घालायला मनाई होती आणि शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम होता. पहिल्या भाडेकरारात आणखी एक कलम होतं, ठळक अक्षरांत : या घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणाला राहू देता येणार नाही, घरकामाच्या नोकरांपुरता अपवाद. १९४८ साली अशा अटी न्यायालयात टिकणार नाहीत असा निकाल लागला. कलम करारातून गेलं. घर मागायला आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला मिळणारा नकार मात्र पुढेही चालू राहिला. तोही त्याच युद्धावरून परतला होता. या रस्त्यांवरून जाताना ही गोष्ट विसरून जाणं मला जमत नाही. कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आजही मोजकीच आहेत. एका दाराला मात्र प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण दिसतं, पायरीवर लहान मुलांच्या चपला.

१९४० साली या काउंटीत चार लाखांहून थोडे जास्त लोक होते. १९६० साली तेरा लाख. वीस वर्षांत. शेतं गेली ती अशी. २०२०च्या जनगणनेत आकडा आहे १३,९५,७७४. म्हणजे जागा भरली, आणि भरलेलीच राहिली.

गल्लीच्या टोकाला तारेच्या कुंपणात एक मोठा खड्डा आहे. तळाशी उंच गवत, एका कोपऱ्यात पाण्याचं डबकं, डबक्यात बदक. पाहुण्यांना वाटतं बांधकाम अर्धवट सुटलंय. इथले लोक याला संप म्हणतात. असे शेकडो खड्डे वस्त्यांमधून खणले आहेत. पावसाचं पाणी रस्त्यावरून यात येतं आणि वाळूतून हळूहळू खाली झिरपतं. त्याची गरज आहे, कारण काउंटीचं पिण्याचं पाणी सगळं पायाखालचं : हिमनदीच्या वाळूत आणि तिच्याखालच्या जुन्या थरांत साठलेलं, विहिरींनी उपसलेलं. शेजारचं महानगर डोंगरांतल्या धरणांतून पाणी आणतं. या काउंटीला पोसणारं धरण नाही. हिरवळीवर टाकलेलं खत, कारखान्यांनी जमिनीत सोडलेली रसायनं, सगळं शेवटी त्याच पाण्याकडे जातं. मला हा कुंपणातला खड्डा टेकडीवरच्या प्रासादाहून मोलाचा वाटतो.

साडेअकरा. वॉन्टा पार्कवे. आणि आता रांग.

तीन लेन, तिन्ही भरलेल्या. गाड्या हातभर सरकतात, थांबतात, परत सरकतात. छतांवर छत्र्या, खुर्च्या, शीतपेट्या बांधलेल्या. उघड्या खिडक्यांतून एका गाडीतून स्पॅनिश गाणं, दुसरीतून बॉलिवूड, तिसरीतून बेसबॉलचं समालोचन. वरून दगडी कमानीचा पूल येतो, बुटका आणि देखणा. त्याच्या सावलीत सगळ्यांना दोन क्षण थांबायचंय, पण नेमकी तेव्हाच रांग पुढे जाते. पार्कवे १९२०च्या दशकापासून आखले गेले ते मोटारीतून फिरणाऱ्यांसाठी. ट्रकला इथे मज्जाव आहे आणि कमानीही उंच गाड्यांच्या मापाच्या नाहीत. हे पूल गरिबांच्या बसगाड्या अडवण्यासाठीच बुटके ठेवले का, यावर इतिहासकार अजून भांडतात. हेतू काहीही असो, ज्याच्याकडे मोटार नव्हती त्याला समुद्र लांब पडला. आता उन्हाळ्यात फ्रीपोर्ट स्टेशनवरून बस सुटते आणि तिच्यासाठीही रांग असते.

रस्त्यावरचा विजेचा फलक सांगतो : फील्ड ६ भरलं. ते पाण्याला सर्वांत जवळचं पार्किंग. अनुभवी लोक सकाळीच तिथे जाऊन बसतात.

झाडं संपतात. दोन्ही बाजूंना खाजण. हिरवं, सपाट, मधून पाण्याच्या वाकड्या वाटा. भरतीचा खारट, किंचित कुजका वास गाडीत शिरतो. पांढरा बगळा एका पायावर. मागे वळून पाहिलं की खाडीकाठची घरं दिसतात. कित्येक घरं खांबांवर उचललेली, खाली गाडी उभी. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाने समुद्र खाडीतून वर ढकलला आणि दक्षिणेकडच्या या सगळ्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर घरं वर गेली. ज्यांना उचलायचा खर्च झेपला नाही त्यांची घरं तशीच खाली, दोन उंच शेजाऱ्यांच्या मध्ये.

समोर विटांचा उंच मनोरा दिसायला लागतो. व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवरचा, पण आत पाण्याची टाकी. गाडीतली मुलं तो पाहून ओरडतात. जोन्स बीच.

शुल्काच्या खिडकीशी पैसे घेतात ते गाडीमागे. आत चार जण आहेत की सात, कुणी मोजत नाही. स्टिकर कुणी विचारत नाही. मी एकदाची गाडी लावते. डांबरावरून चपलेतूनही चटके बसतात. मग रस्त्याखालचा बोगदा. एकदम गारवा, ओल, आणि शंभर पोरांच्या आरोळ्या. प्रत्येकाला स्वतःचा आवाज घुमवून बघायचाय. बाहेर पडलं की लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता, त्यापलीकडे वाळू, वाळूच वाळू.

हा किनाराही माणसांनी घडवलेला. मूळचा वाळूचा बांध इतका सखल होता की वादळात लाटा त्यावरून जायच्या. खाडीच्या तळाची वाळू उपसून तो सुमारे चौदा फुटांपर्यंत उंचावला. वाळू उडू लागली, तेव्हा किनाऱ्याचं गवत हातांनी, रोप-रोप करत लावलं. ४ ऑगस्ट १९२९ ला किनारा लोकांसाठी उघडला. समुद्राच्या बाजूने लांबी साडेसहा मैल. आज त्या साडेसहा मैलांत मला माझी छत्री रोवायला जागा शोधावी लागते आहे.

एका चौथऱ्यावर डोमिनिकन कुटुंब कोळशावर मांस भाजतंय. शेजारी हिजाब घातलेल्या तिघी कलिंगड कापतायत. पलीकडे पोलिश आजोबा, पाठ लालबुंद. दोरी लावून राखलेल्या तुकड्यात किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची चिमुकली पिल्लं वाळूवरून धावतात आणि त्यांच्यासाठी एवढी गर्दी वळसा घालून जाते.

पाण्याच्या कडेला एक मराठी कुटुंब. मुलगी इथली, आई बहुधा उन्हाळ्यापुरती आलेली. आईने साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतली आहे.

“आई, पुढे नको जाऊ हं, ओढ आहे पाण्याला.”

“अगं, दापोलीच्या बाईला समुद्र शिकवतेस? धर ही पर्स.”

लाट येते. गार आहे, अटलांटिकची लाट जुलैतही गार असते. आईच्या तोंडून “अगंबाई!” निघतं, शेजारची अनोळखी पोरंही तेवढ्याच जोरात किंचाळतात. जीवरक्षक शिट्टी वाजवून सगळ्यांनाच दोन झेंड्यांच्या मध्ये यायची खूण करतो. आई मुलीचा हात सोडून त्या पोरांच्या रांगेत, पुढच्या लाटेसमोर जाऊन उभी राहते.