जचगीनंतरची उदासी : कमजोरी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

घरात बाळ आलं की कामांची रांग लागते. कानात अजान, सातव्या दिवशी अकीका, माहेरहून आलेले डिंकाचे लाडू, आल्यागेल्यांची सरबराई. बाळाचं वजन किती, कावीळ तर नाही ना, हे सगळेच विचारतात. बाळंतिणीची चौकशीही होते, पण ती टाके दुखतात का आणि दूध पुरतं का इथे येऊन थांबते. तिच्या मनाचं काय चाललंय, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

आधी एक फरक नीट समजून घेऊ. जचगीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, उगाच चिडचिड होणं, क्षणात हसू क्षणात आसू, हे अर्ध्याहून अधिक बायकांना होतं. गरोदरपणात वाढलेली हार्मोन्स वार पडल्यावर एकदम खाली येतात, त्यात झोप नाही. हा आजार नाही. आराम आणि घरच्यांचा आधार मिळाला की दोन आठवड्यांच्या आत हे आपोआप ओसरतं.

दोन आठवडे उलटले, तरी दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास आहे, कशातच जीव लागत नाही, भूक-झोप बिघडली आहे, 'मी चांगली आई नाही' हाच विचार डोक्यात फिरतोय, तर मात्र त्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात, डिप्रेशन. आणि ते जचगीनंतरच सुरू होतं असंही नाही. गोव्यात म्हापशाच्या सरकारी इस्पितळात केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के बायकांचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे आजार पोटुशी असतानाच दिसत होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, या गोष्टींनी धोका वाढलेला दिसला. पुढे २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही प्रमाण २२ टक्के निघालं. दर पाच बाळंतिणींमागे एक. आपल्याच मोहल्ल्यातल्या पाच जणी आठवून पाहा.

मग इतकं असून ते कळत कसं नाही? कारण आपल्या बायका 'मी उदास आहे' असं म्हणतच नाहीत. त्या म्हणतात कमजोरी आलीय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, जी घाबरतो. घरचे कमजोरीवर हळीव देतात, दवाखान्यात टॉनिक मिळतं. कुणी नजर उतरवतं, कुणी आसेब म्हणून तावीज आणतं. यात दोन-तीन महिने जातात. शिवाय तपासणीला सासू नाहीतर नणंद सोबत असते आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तीच देऊन टाकते. बिचारी बाळंतीण मान हलवते.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे या आजाराचं एक टोक आम्हाला वर्गात दिसतं. सातवी-आठवीतली एखादी हुशार मुलगी अचानक आठवडाभर येत नाही. चौकशी केली की कळतं, घरात लहान भाऊ झालाय, अम्मी बिछान्यातून उठत नाही, स्वयंपाक आणि बाळ दोन्ही हिच्या गळ्यात. घरात कुणीच त्याला आजार म्हणत नाही. 'अम्मीची तबियत ठीक नाही' एवढंच. शाळा मात्र सुटते ती मुलीची.

थकवा तर प्रत्येक बाळंतिणीला असतो, मग आजार ओळखायचा कसा? एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो: बाळ झोपलेलं असताना, दुसरं कुणी त्याच्याजवळ असताना, तुला झोप लागते का? नुसती थकलेली बाई संधी मिळाली की गाढ झोपते. नैराश्य असलेली बाई छताकडे बघत पडून राहते.

डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी यापेक्षा नेमकं साधन आहे. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगातल्या कित्येक भाषांत वापरली जाते. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, कारण नसताना स्वतःला दोष देतेस का, विनाकारण भीती वाटते का, अशा वळणाचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हिची खुबी अशी की थकवा, वजन, अंगदुखी यांबद्दल ती विचारतच नाही, कारण ते सगळ्याच बाळंतिणींना असतं. साधारण १० किंवा १३ च्या वर गुण गेले की पुढची तपासणी करतात. पण गुण म्हणजे निदान नव्हे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. थर्मामीटरने ताप कळतो, टायफॉइड कळत नाही, तसंच हे. निदान डॉक्टर समोर बसवून, बोलून करतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासतात, कारण जचगीनंतर थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी असाच थकवा आणि उदासी येते. पूर्वी कधी झोपेशिवाय अंगात भलताच उत्साह संचारल्याचे दिवस आले होते का, हेही विचारतात. तसं असेल तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं. घरच्यांनी ही माहिती लपवू नये.

प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही आलं, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी लक्ष द्यावं लागतं. आपल्या घरांत नेमकं इथेच उत्तर अडतं. मौत मागणं गुनाह आहे हे लहानपणापासून शिकवलेलं, म्हणून ती खरं सांगत नाही. पण सूरह मरयम आपण सगळ्यांनी वाचली आहे. प्रसववेदनांनी खजुराच्या झाडाशी आलेल्या हजरत मरयम (अलै.) यांच्या तोंडूनही, याआधीच मेले असते तर बरं, असा उद्गार निघाला. त्यावर त्यांना रागावलं गेलं नाही. गम करू नकोस असा दिलासा मिळाला, प्यायला पाणी आणि खायला ताजे खजूर मिळाले. 'नमाज पढ, मन शांत होईल' असा सल्ला देणाऱ्या थोरांना हेही आठवावं की निफासच्या दिवसांत तिला नमाजच माफ असते. दुआ आणि जिक्र जरूर करावा, पण सोबत डॉक्टरही हवा.

इलाज आहे आणि तो लागू पडतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या लेडी हेल्थ वर्कर असतात. त्यांना शिकवून घरोघर बोलण्याचा उपचार दिला गेला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के आजारी होत्या, बाकीच्यांत ५३ टक्के. त्या ताई काय करत? गप्पा मारायच्या, नकारात्मक विचार ओळखायला शिकवायच्या, सासूला आणि नवऱ्याला कामात सामील करून घ्यायच्या. आजार जास्त असेल तर गोळ्या लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधं आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवावीत आणि मनाने बंद करू नयेत.

एका प्रकारात मात्र तासभरही थांबू नये. जचगीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाई रात्र रात्र झोपत नाही, भलतंच बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळाबद्दल विचित्र शंका घेते, तर ते आसेब नाही. हजारात एक-दोघींना होणारा हा तीव्र मानसिक आजार आहे आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तिला एकटं न सोडता सरळ मोठ्या इस्पितळात न्यावं.

इतर वेळी सुरुवात कुठून करायची? सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी इस्पितळातल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. आशाताई बाळाला पाहायला ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांच्यापाशी बोलता येतं. आणि बाळाला लस द्यायला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, मग नवव्या महिन्यात आपण केंद्रावर जातोच. त्या दिवशी बाळ सासूबाईंनी मांडीवर घेऊन बाहेर बसावं आणि आईला पाच मिनिटं नर्सबाईंकडे एकटीला आत जाऊ द्यावं.