पात्यांना धार लावली. पण तोल पाहिला का?

(ऊस विकास विभागाकडून)



ऊस तुटून गेला की शेतात एकरी साधारण 3 ते 4 टन पाचट राहते. ते जाळू नये, सरीत कुजवावे, हे आपण वारंवार सांगतो आणि बऱ्याच सभासदांनी ते मनावरही घेतले आहे. पण ऐन वेळी कुट्टी यंत्र बेअरिंग फुटून बंद पडते, खोडव्याचे पाणी लांबते, आणि मग हात काडेपेटीकडे जातो. म्हणून आज यंत्राच्या पात्यांविषयी चार शब्द.

पाती बोथट झाली की आपण ती ग्राइंडरवर धरतो. धार येते, काम झाले असे वाटते. पण घासताना एका पात्याचे लोखंड जास्त जाते, दुसऱ्याचे कमी. तिथून यंत्र थरथरायला लागते.

फरक किती, तर म्हणे 20 ग्रॅम! त्याने काय होते? हिशेब पाहा. रोटर मिनिटाला 1,800 फेरे फिरतो आणि जास्तीचे 20 ग्रॅम वजन मध्यापासून 20 सेंटिमीटरवर आहे असे धरू. ते वजन फिरताना रोटरला सुमारे साडेचौदा किलोच्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला 30 वेळा दिशा बदलते. फेरे दुप्पट झाले तर ओढ चौपट होते. असे दणके दिवसभर बसल्यावर बेअरिंग टिकणार कसे? नट ढिले होतात, वेल्डिंगला चिरा जातात. पिन तुटून पाते उडाले, तर जवळच्या माणसाच्या जिवावरच बेतते.

यासाठी पुढीलप्रमाणे करावे :

1. आधी ट्रॅक्टर बंद करा, पीटीओ सोडवा, किल्ली खिशात ठेवा. उचललेल्या यंत्राखाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

2. पाती काढताना खडूने क्रमांक घाला. वाळलेली माती, चिकटा खरवडून काढा, नाहीतर मातीचेच वजन कराल.

3. मूळ उताराप्रमाणेच धार लावा. थोडे घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले समजा. अशी धार टिकत नाही.

4. सर्व पाती वजनकाट्यावर ठेवा. किराणा दुकानातला ग्रॅम दाखवणारा काटा चालतो. सर्वांत हलक्या पात्याइतके वजन बाकीच्यांचे करा. लांबीही मोजा. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर हलकी वाटते, हात लांब करून धरली तर जड. पात्याच्या टोकाकडच्या वजनाचे तसेच आहे.

5. एक पाते तुटले तर समोरचेही बदला. नवे आणि झिजलेले यांची जोडी जमत नाही. झिजलेल्या पिनाही त्याच वेळी बदला. चिरलेले पाते वेल्डिंग करून पुन्हा लावू नका.

6. सुरुवातीला कमी वेगाने चालवून पाहा. मागे किंवा बाजूला कोणी उभे राहू नये. थरथर जाणवली तर लगेच बंद करा.

बांधावरचे गवत कापायच्या यंत्राचे पाते सरळ पट्टीचे असते. त्याची परीक्षा आणखी सोपी. भिंतीत आडवा खिळा ठोका, पात्याचे मधले भोक त्यात अडकवा. जी बाजू खाली जाईल ती जड. त्या बाजूच्या मागच्या, बिनधारेच्या कडेवर थोडी कानस चालवा. पाते आडवे स्थिर राहिले की तोल साधला. मग पाते उलटे फिरवून एकदा खात्री करा.

सगळ्या कामाला फार तर अर्धा दिवस जातो. हे काम तोड येण्याआधीच उरकावे. गटात यंत्र सामाईक असेल तर पात्यांची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचे काम ते कोणाचेच काम नसते. यंत्र वेळेवर चालले तर पाचट रानातच राहील, आणि रानातले पाचट म्हणजे पुढच्या खोडव्याचे खतच आहे.