टोरांटोचं वार्तापत्र : खडकीचा पत्ता आणि कॅनडाची चौकशी

टोरांटो

इथल्या मराठी घरांत गणपतीला किंवा संक्रांतीला चार माणसं जमली की एक प्रश्न हटकून निघतो : 'तुमचं सिक्युरिटी झालं का?' कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा, अर्ज केलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ लगेच कळतो. ऑनलाइन खात्यात वैद्यकीय तपासणी, पात्रता, बोटांचे ठसे या सगळ्यांपुढे 'पूर्ण' असं दिसू लागतं आणि पार्श्वभूमीच्या तपासणीपुढे मात्र 'चालू आहे' हेच शब्द महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं, टिकून राहतात. पीआरच्या अर्जांसाठीची एक्स्प्रेस एंट्री ही योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा दहातले आठ अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचं सरकारने ठरवलं होतं. उरलेल्या दोघांनी किती थांबायचं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

हे पत्र खडकीच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो आहे. आपल्याकडे १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे, हाय एक्स्प्लोझिव्ह्‌ज आहे, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, पलीकडे दापोडीला सीएमई, म्हणजे लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आहे. घरातलं कोणी ना कोणी तिथे कामाला आहे, होतं किंवा निदान शिकाऊ उमेदवारी करून बाहेर पडलं आहे. त्यातली पुढची पिढी इथे वेल्डर, मशीनिस्ट, इंजिनीअर, आयटीवाले म्हणून येते. कॅनडाच्या अर्जातला 'शेड्यूल ए' हा फॉर्म नेमकी हीच माहिती विचारतो. गेल्या दहा वर्षांचा महिन्यामहिन्याचा हिशेब द्यायचा. वय लहान असेल तर अठराव्या वर्षापासूनचा. शिक्षण, नोकरी, बेकारी, सगळं लिहायचं आणि मध्ये एकही महिना रिकामा ठेवायचा नाही. त्याशिवाय सरकारी पदं कोणती भूषवली, लष्करात किंवा पोलिसांत सेवा केली का, केली असेल तर हुद्दा, तुकडी, वरिष्ठांची नावं, ठिकाणं, असे वेगळे रकाने आहेत.

या माहितीचं पुढे काय होतं? इमिग्रेशन खातं अर्ज घेतं आणि शेवटचा निर्णयही तेच देतं. गुन्ह्यांची नोंद तपासण्यासाठी बोटांचे ठसे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांकडे जातात. अधिकाऱ्याला अधिक खोल चौकशी हवीशी वाटली, तर प्रकरण सीमा सेवा संस्थेकडे, म्हणजे सीबीएसएकडे, आणि सीएसआयएस या गुप्तवार्ता संस्थेकडे जातं. त्यांनी दिलेला सल्ला परत इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे येतो. कोणत्या अर्जाला खोल चौकशी लावायची याचे निकष जाहीर केले जात नाहीत, आणि चौकशी किती दिवसांत संपवायची याची कायद्यात मुदत नाही. विलंबाचं मूळ इथे आहे.

कॅनडाला ही चौकशी का करावीशी वाटते, हेही समजून घ्यायला हवं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने उडवलं गेलं आणि ३२९ माणसं गेली. कट कॅनडात शिजला होता, मेलेल्यांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते आणि त्यांतले बहुतेक भारतीय वंशाचे होते. सीएसआयएस तेव्हा जेमतेम वर्षाची होती. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० मध्ये अहवाल दिला. गुप्तवार्ता संस्था आणि पोलीस यांनी एकमेकांना माहिती वेळेवर दिली नाही, असा ठपका त्यात आहे. त्या विमानात आपली माणसं होती. म्हणून 'चौकशीच नको' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. २००२ पासून लागू असलेल्या इमिग्रेशन कायद्याचं ३४ वं कलम हेरगिरी, दहशतवाद आणि तशा संघटनांचं सदस्यत्व यांवरून प्रवेश नाकारायचा अधिकार देतं. तो अधिकार कोणत्याही देशाला असायलाच हवा.

पण अधिकार वापरताना तोल सुटल्याचंही आपण पाहिलं आहे. २०१० मध्ये सीमा सुरक्षा दलातल्या एका निवृत्त जवानाला व्हिसा नाकारताना कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी संपूर्ण दलावरच हिंसक असल्याचा शिक्का मारला. भारताने कडक आक्षेप घेतला आणि तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जेसन केनी यांनी खेद व्यक्त केला. पुढे २०२३ मध्ये दोन्ही देशांचे संबंध बिघडले, कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परतले आणि इमिग्रेशन खात्याची भारतातली कॅनेडियन माणसं २७ वरून ५ वर आली. सरकारांच्या भांडणाची झळ आधी सामान्य अर्जदाराला लागते, ती अशी.

थांबण्याची किंमत काय, ते खडकीत बसून पटकन ध्यानात येत नाही. वर्क परमिट एकाच मालकाशी बांधलेलं असेल तर त्याचा अन्याय सहन करून राहावं लागतं. परमिट संपत आलं असताना आई-वडील आजारी पडले, तर पुण्याला जाऊन परत येता येईल का, याची धास्ती असते. वैद्यकीय तपासणी साधारण वर्षभरच ग्राह्य धरतात. मधल्या काळात ती पुन्हा करावी लागू शकते, आणि खर्च आपला. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांच्या कितीतरी पट असते, आणि पीआर नसलेल्याच्या मुलाकडून अनेकदा तीच मागतात. नागरिकत्वासाठी आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहावं लागतं. पीआरपूर्वीचा प्रत्येक दिवस अर्धाच मोजतात, आणि तोही एकूण ३६५ दिवसांपर्यंतच. म्हणजे दोन वर्षांपलीकडची प्रतीक्षा त्या हिशेबात कुठेच जमा होत नाही. एक दिलासा आहे : मुलांचं वय अर्ज पूर्ण भरून पोचल्याच्या तारखेला गोठवतात. त्यामुळे अर्ज करताना बावीस वर्षांच्या आतला असलेला अविवाहित मुलगा चौकशी रेंगाळली म्हणून वयामुळे बाहेर पडत नाही.

चौकशी लांबली तर हात बांधून बसायचं कारण नाही. पहिली पायरी माहितीच्या अधिकाराची. कॅनडाचा हा कायदा १९८३ पासून आहे. पाच डॉलर भरून आपल्या फाइलवरच्या नोंदी मागता येतात. इथे सगळे त्यांना 'जीसीएमएस नोट्स' म्हणतात. सुरक्षेचा मजकूर काळा करून देतात, पण फाइल कोणत्या खात्यात आणि कधीपासून पडून आहे हे बहुतेकदा कळतं. सीबीएसएकडे वेगळा अर्ज करावा. दुसरी पायरी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचं कार्यालय. तुम्हाला मत नसलं तरी ते चौकशी करतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत. विलंब सीएसआयएसकडे असेल तर आधी त्या संस्थेच्या संचालकांना लेखी तक्रार करावी. तिथे समाधान झालं नाही तर २०१९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र आढावा संस्थेकडे जाता येतं.

शेवटची पायरी फेडरल कोर्ट. खात्याने निर्णय द्यावा असा आदेश, म्हणजे मॅंडामस, तिथे मागता येतो. 'कोनिल' निकालात न्यायालयाने विलंब अवाजवी ठरवायच्या तीन कसोट्या घालून दिल्या : कामाच्या स्वरूपाला लागेल त्याहून अधिक वेळ गेला आहे का, त्यात अर्जदाराचा दोष नाही ना, आणि खात्याने समाधानकारक कारण दिलं आहे का. सुरक्षा तपासणी चालू आहे एवढंच मोघम सांगणं पुरेसं कारण होत नाही, असं नंतरच्या निकालांत न्यायालयाने म्हटलं आहे. अर्ज दाखल करायची फी फक्त पन्नास डॉलर आहे, वकिलाची मात्र हजारांत जाते. न्याय मिळतो, पण तो मागायची ऐपत असलेल्यालाच, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

माझं मत स्पष्ट आहे. चौकशीचे तपशील गुप्त राहोत. ती किती लांबणार हे गुप्त ठेवायचं कारण नाही. ठरलेल्या मुदतीनंतर फाइल कुणाकडे आहे हे खात्याने आपणहून लेखी कळवावं, आणि तोवर त्या कुटुंबाला कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा द्यावी. २०२३ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी पीआर अर्जांच्या कारभाराची तपासणी केली. लोक अजूनही फार काळ ताटकळत असल्याचं त्यांनीही नोंदवलं आहे. म्हणजे ही तक्रार केवळ आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांची उरलेली नाही.

आता आपल्या लोकांना कळकळीचं सांगणं. पुण्यातले काही एजंट सल्ला देतात की कारखान्याची नोकरी लिहू नका, लष्कराचं नाव दिसलं की अर्ज अडकतो. असं कधीही करू नका. दारूगोळा कारखान्यात काम केलं म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. ते लपवलं तर ठरतो. इमिग्रेशन कायद्याच्या ४० व्या कलमाखाली खोटी माहिती देणाऱ्याला पाच वर्षांची बंदी आहे. आयुध कारखान्यांचं मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी जाऊन आपले कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. म्हणून त्या तारखेच्या आधीचं आणि नंतरचं मालकाचं नाव वेगळं लिहा आणि नोकरी तीच आहे, असा खुलासा जोडा. लग्नानंतर बदललेलं बायकोचं नाव, वडिलांच्या नावासकटचं आणि नवऱ्याच्या नावासकटचं, अशी दोन्ही रूपं पोलिसांच्या दाखल्यापासून (पीसीसी) प्रत्येक कागदावर द्या. जुन्या कागदांवर 'किरकी' आणि नव्यांवर 'खडकी' असेल तर तेही एका ओळीत सांगा. निवृत्तीची आणि शिकाऊ उमेदवारीची प्रमाणपत्रं आजच शोधून ठेवा. चौकशी किती लांबेल हे आपल्या हातात नाही. आपल्या कागदातली एकही त्रुटी तिला निमित्त होणार नाही, एवढी खबरदारी मात्र घेता येते, आणि ती प्रत्येक घराने घ्यावी.