बिभा चौधुरी आणि 'पळवलेलं' नोबेल

महिला दिन जवळ आला की बिभा चौधुरींचं नाव घेऊन एक गोष्ट हमखास फिरते : पायॉन या कणाचा शोध त्यांनी लावला आणि नोबेल मात्र एका इंग्रजाने पळवलं. वाचून रक्त सळसळतं. पण काय काय घडलं ते नीट तपासलं, तर गोष्ट वेगळी निघते. माझ्या मते जास्त रंजकही.

बिभा १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या. वर्गात मुलगी एकटीच. पुढे बोस इन्स्टिट्यूटमध्ये देबेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी वैश्विक किरणांवर काम सुरू केलं. कण शोधायचे म्हणजे मैलभर लांबीचं यंत्रच हवं, हा समज इथेच मोडतो. यांच्याकडे होत्या फोटोग्राफीच्या काचा. त्या दार्जिलिंगला आणि जवळपास बारा हजार फुटांवरच्या संदकफूला महिनोन्‌महिने ठेवायच्या, मग खाली आणून धुवायच्या. आकाशातून आलेला कण जिथून गेला तिथे चांदीच्या सूक्ष्म दाण्यांची रांग उमटते. दाणे किती दाट आहेत, रेघ किती वाकडीतिकडी गेली आहे, हे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं आणि त्यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. डोळ्यांचं पाणी काढणारं काम!

उत्तर आलं इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. 'नेचर'मध्ये ते छापूनही आलं. आता आकडे शेजारी ठेवून पाहा. म्युऑन नावाचा कण २०७ पट, पायॉन २७३ पट. म्युऑन तर १९३६-३७ मध्येच अमेरिकेत सापडला होता. म्हणजे या काचांवरून पायॉन असा वेगळा ओळखता आलेला नव्हता. युद्धाच्या दिवसांत चांगल्या काचा मिळत नव्हत्या आणि हाताशी होत्या त्यांवर फिकट माग धड उमटत नव्हते. १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाकडे सुधारित लेपाच्या काचा होत्या. त्यांवर एक कण थांबताना आणि त्यातून दुसरा निघताना स्पष्ट दिसला. १९५० चं नोबेल त्यासाठी आणि त्या पद्धतीच्या विकासासाठी. पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात बोस-चौधुरी यांच्या कामाची नोंद केली आहे. चोर असं करत नाही.

'त्यानंतर त्या कुठे हरवल्या?' हरवल्या नाहीत. मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावांवर पीएच.डी. केली आणि १९४९ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या; तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. संस्था तेव्हा कुलाब्याच्या आजच्या इमारतीत नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. पुढे अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर चाललेले प्रयोग आणि शेवटी पुन्हा कलकत्ता.

तक्रारच करायची तर घरच्यांविरुद्ध करा. देशातल्या मोठ्या विज्ञान अकादमींपैकी एकीनेही त्यांना फेलो म्हणून निवडलं नाही.

राहिला त्यांच्या नावाचा तारा. तो त्यांनी शोधलेला नाही. २ जून १९९१ रोजी त्या गेल्या आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने एचडी ८६०८१ या ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिलं. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; दुर्बीण लावावी लागते.