फाटकाचा प्रश्न दिल्लीत कसा विचारावा?

बियाणे, खते आणि कीड-रोग हा माझा नेहमीचा विषय. आज मात्र रुळावरच्या फाटकाबद्दल लिहितो आहे.

माझी पहिली नेमणूक झाली त्या तालुक्यात एका गावाचे गावठाण रुळाच्या अलीकडे आणि निम्मे शिवार पलीकडे होते. मधे बिनफाटकाची वाट. एका पाटीशिवाय तिथे काहीच नव्हते. कापूस वेचणीचे दिवस होते. गावातले एक आबा भरलेली बैलगाडी घेऊन निघाले, चाक रुळाशी अडकले आणि तेवढ्यात वळणावरून रेल्वे आली. आबांनी उडी टाकली म्हणून ते वाचले. दोन्ही बैल जागीच गेले. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, बैल माझे गेले आणि गुन्हेगारही मीच. तिथं माणूस का नेमला नाही, हे कुणाला विचारायचं?"

कायद्याच्या दृष्टीने आबांचे पहिले बोलणे खरे होते. रेल्वे कायदा १९८९, कलम १६१ प्रमाणे असे क्रॉसिंग निष्काळजीपणे ओलांडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मोटार वाहन कायद्यातही चालकाने गाडी थांबवावी, बरोबरच्या माणसाने पुढे जाऊन रेल्वे येत नाही ना ते पाहावे, असे सांगितले आहे. म्हणजे सगळा भार ओलांडणाऱ्यावर. आबांच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते आज देतो. विचारायचे रेल्वेमंत्र्याला, आणि तेही संसदेत. राज्यघटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते.

जबाबदारी म्हटले की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. सप्टेंबर १९५६ मध्ये महबूबनगरजवळ पूल कोसळून रेल्वेचा अपघात झाला, शंभराहून अधिक माणसे गेली. शास्त्रीजींनी राजीनामा देऊ केला, पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरमध्ये तमिळ मुलखातल्या अरियलूरजवळ पुन्हा तसेच घडले. या वेळी राजीनामा स्वीकारला गेला. दोष शास्त्रीजींचा म्हणून नव्हे, तर संसदीय शिस्तीचा दाखला राहावा म्हणून, असे नेहरूंनी लोकसभेत सांगितले. गोष्ट मोठी आहे आणि मुलांना जरूर सांगावी. पण माझे मत विचाराल तर राजीनाम्याने पूल पक्का होत नाही. मंत्री बदलतो, पूल तिथेच राहतो. पुलाचे काय झाले, हे दर अधिवेशनात विचारत राहणे जास्त उपयोगाचे.

बिनफाटकाच्या वाटांचेच पाहा. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला आणि पाच वर्षांत रुळावरची सगळीच क्रॉसिंग काढून टाकावीत असे सुचवले. मुदत निघून गेली. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ अशाच एका वाटेवर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली आणि तेरा मुले गेली. त्यानंतर कामाला वेग आला. १ फेब्रुवारी २०१९ ला पीयूष गोयल यांनी अर्थसंकल्प मांडताना सभागृहात सांगितले की ब्रॉडगेज मार्गावरची सर्व बिनफाटकाची क्रॉसिंग संपली. आधीच्या वर्षांत झाले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

आता अनेक ठिकाणी त्या जागी रुळाखालून बोगदे झाले आहेत. रेल्वे अंगावर येण्याची भीती गेली. पण उसाची किंवा कडब्याची भरलेली ट्रॉली त्यातून जात नाही, आणि पावसाळ्यात कमरेएवढे पाणी साचते. मग मुले शाळेसाठी वर रुळावरूनच ओलांडतात. जिथे फाटक आणि माणूस आहे तिथेही निर्धास्त राहता येत नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कुड्डालोरजवळ माणूस असलेल्या फाटकावरच शाळेच्या गाडीला रेल्वे धडकली, तीन विद्यार्थी गेले.

तेव्हा आपल्या गावचा प्रश्न खासदारांमार्फत विचारायला लावावा. लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. असे दिवसाला वीसच. बाकी प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. गावच्या कामाला लेखी उत्तरही पुरते, कारण ते छापले जाते आणि सात-बारासारखे हातात राहते.

एक गंमत सांगतो. प्रश्नात टोमणा, आरोप किंवा वाद घातलेला चालत नाही आणि तो दीडशे शब्दांत मावावा लागतो. आपली पत्रे असतात पानभर, त्यातली निम्मी संतापाची. संताप खरा असतो, पण त्यातून प्रश्न तयार करताना खासदारांच्या कचेरीतल्या माणसाची दमछाक होते. "लक्ष का देत नाही?" असे लिहू नका. "अमुक किलोमीटरवरच्या बोगद्यातले पाणी काढायला पंप कधी बसणार, रक्कम मंजूर आहे का?" असे लिहा. क्रॉसिंगचा नंबर आणि किलोमीटर तिथल्या पाटीवर किंवा खांबावर पाहून घ्या. पाणी साचल्याचे तारखेसह फोटो, रोज जाणाऱ्या मुलांची संख्या आणि ग्रामसभेचा ठराव जोडा.

मंत्री "विचाराधीन आहे" किंवा "तपासून पाहू" म्हणाले, तरी हिरमुसू नका. असे शब्द संसदेत आश्वासन म्हणून धरले जातात. ते तीन महिन्यांत पुरे व्हावे लागते, आणि त्यावर लक्ष ठेवायला खासदारांची वेगळी समिती आहे. तीन महिने उलटले की आपल्या खासदारांना त्या उत्तराची प्रत दाखवून पुन्हा विचारावे. बोगद्याचा रस्ता राज्याचा, असे उत्तर आले तर तोच कागद घेऊन आमदारांकडे जावे.

प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरते. म्हणजे पेरणीच्या गडबडीतही जूनअखेर पत्र खासदारांच्या कचेरीत पोचायला हवे. फोटो मात्र आधीच्या पावसाळ्यातलेच लागतील. यंदा पाणी साचले की काढून ठेवा, आणि पत्र देताना पोच घ्यायला विसरू नका.