भेडाघाट : जबलपूरच्या वेशीवरील छोटी नगर परिषद

मुंबईहून इटारसीमार्गे अलाहाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जबलपूरच्या अलीकडे भेडाघाट नावाचे एक छोटे स्थानक लागते. बहुतेक मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. जबलपूर शहरापासून सुमारे वीस ते पंचवीस किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेले हे गाव संगमरवरी कड्यांसाठी आणि धुआंधार धबधब्यासाठी देशभर परिचित आहे. मात्र या गावाला स्वतःची नगर परिषद आहे आणि कडे, धबधबा, प्राचीन मंदिर व बाजार यांसह नागरी व्यवस्थेचा दैनंदिन भार तिच्याच खांद्यावर आहे, ही बाब पर्यटकांच्या फारशी ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक ठरतो. आपल्याकडे नगर परिषद म्हटले की मध्यम आकाराचे शहर डोळ्यांसमोर येते. मध्य प्रदेशात मात्र महानगरपालिका आणि नगरपालिका यांच्याखालील तिसऱ्या, सर्वांत लहान पायरीवरील संस्थेस नगर परिषद असे संबोधले जाते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने खेड्यातून शहराकडे वाटचाल करणाऱ्या वस्त्यांसाठी जी नगर पंचायत कल्पिली, तिचेच हे रूप. भेडाघाटची लोकवस्ती काही हजारांची आहे. शेजारच्या जबलपूर महानगरपालिका क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार साडेदहा लाख लोक राहत होते. सुटीच्या दिवशी या शहरातून आणि बाहेरगावांहून येणारी गर्दी गावाच्या लोकसंख्येशी कोणतेही प्रमाण राखत नाही.

अशा संस्थेचे उत्पन्न मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि शासकीय अनुदाने यांतून उभे राहते. कर देणारे मूठभर आणि कचरा करणारे अगणित, ही पर्यटनस्थळांची जुनीच अडचण आहे. महाबळेश्वर किंवा माथेरानच्या रहिवाशांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.

गावाचे वैभव भूगर्भात आहे. येथील खडक दीड अब्ज वर्षांहून जुना असून तो प्रामुख्याने मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइटी संगमरवर आहे. नर्मदेने तो चिरत सुमारे तीन किलोमीटर लांबीची अरुंद घळ कोरली आहे. दोन्ही बाजूंचे कडे साधारण तीस मीटरपर्यंत उंच आहेत. त्यांचा रंग कोठे दुधी, कोठे निळसर, तर कोठे गुलाबी दिसतो, आणि मध्येच ज्वालामुखीजन्य काळसर हिरव्या खडकाचे पट्टे त्यांना छेदून जातात. पंचवटी घाटावरून नावा सुटतात. वल्ही मारता मारता यमक जुळवीत कड्यांची ओळख करून देणारे नावाडी ही येथील खास परंपरा असून, चांदण्या रात्रीच्या नौकाविहारासाठीही लोक मुद्दाम येतात. कड्यांवरील आग्या मधमाश्यांची पोळी हाही नावाड्यांच्या कथनातील ठरलेला विषय आहे. जेम्स फॉर्सिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या १८७१ च्या ग्रंथात या संगमरवरी कड्यांचे वर्णन केले आहे.

या घळीच्या वरच्या तोंडाशी धुआंधार आहे. पाणी वेगाने खाली कोसळून तुषारांचा धुरासारखा लोट उठतो, त्यावरून हे नाव पडले. पावसाळ्यात नदीला पूर आला की खालच्या पाण्याची पातळी इतकी चढते की धबधबाच दिसेनासा होतो आणि नौकाविहारही बंद ठेवावा लागतो. नावाडी, फेरीवाले व दुकानदार यांच्या दृष्टीने हे महिने मंदीचे असतात. नदीचे मान केवळ पावसावर ठरत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून किती पाणी सोडले जाते, यावर धुआंधारचे रूप अवलंबून राहते. ज्या पाण्यावर गावाचा चरितार्थ चालतो, त्याच्या नियमनात गावाच्या नगर परिषदेला स्थान नाही. नदीकाठच्या वरच्या वस्त्यांतून येणाऱ्या सांडपाण्याबाबतही तीच स्थिती आहे. ग्वारीघाट, तिलवाराघाट व लमेटाघाट ओलांडूनच नर्मदा भेडाघाटी पोहोचते.

गावातील एका टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर वरून उघडा असा वर्तुळाकार प्राकार लागतो. दहाव्या शतकातील कलचुरी राजवटीत तो उभा राहिला, असे अभ्यासक मानतात. नाव चौसष्टांचे असले तरी येथे योगिनींसाठी ८१ कोनाडे आहेत. मूर्तींची बरीच मोडतोड झालेली असूनही त्यांचे कोरीव काम थक्क करणारे आहे. प्राकाराच्या मध्ये गौरीशंकराचे मंदिर असून त्यात नंदीवर आरूढ शिवपार्वतींची मूर्ती आहे.

कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, येथून अगदी जवळ आहे. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन याच त्रिपुरीच्या नावाने भरले होते आणि सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. कलचुरींच्या शिलालेखांचे प्रमाणभूत संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आजही अभ्यासकांचा आधार आहे. भेडाघाटच्या शिलालेखांपैकी एक राणी अल्हणदेवी हिचा आहे. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मधील या लेखात शिवमंदिर, मठ, व्याख्यानशाळा आणि उद्यान उभारल्याची व त्यांच्या खर्चासाठी दोन गावे लावून दिल्याची नोंद आहे. वास्तू बांधण्याइतकीच तिच्या देखभालीची तरतूद महत्त्वाची असते, हे बाराव्या शतकातील राणीला ठाऊक होते. आजच्या नगर परिषदेला अशी दोन गावे कोणी लावून दिलेली नाहीत.

मराठी माणसाचा या परिसराशी जुना संबंध आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले. पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ नंतर जबलपूर व नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ही दोन शहरे वेगळी झाली.

भूगर्भाच्या पातळीवर हे नाते आणखी मागे जाते. भेडाघाटच्या शेजारील लमेटाघाटावरून ‘लमेटा’ या खडकस्तराला नाव मिळाले. डायनासोर युगाच्या अखेरच्या काळातील हे थर असून त्यांच्यावर दख्खनच्या लाव्ह्याचे, म्हणजे सह्याद्री ज्या बेसाल्टचा बनला आहे त्याच खडकाचे, थर पसरले. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूर परिसरात मोठ्या प्राण्याची अश्मीभूत हाडे सापडली. भारतातील डायनासोरच्या अवशेषांचा तो सर्वांत आरंभीचा शोध मानला जातो.

या सर्व कारणांमुळे २०२१ मध्ये नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्याच वेळी या यादीत आलेल्या भारतीय स्थळांमध्ये महाराष्ट्रातील मराठा लष्करी स्थापत्याचाही अंतर्भाव होता. त्यांपैकी मराठा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भेडाघाटचा मार्ग अधिक कठीण दिसतो. किल्ल्यांच्या जतनामागे पुरातत्त्व खात्याची आणि राज्य शासनाची यंत्रणा उभी होती. येथे मात्र नदी, खडक, घाट, दुकाने व घरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

गुंता किती आहे, हे हस्तकलेच्या व्यवसायावरून कळून येते. धुआंधारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा मऊ दगडातील मूर्ती, शिवलिंगे, डब्या आणि शोभेच्या वस्तूंची दुकाने आहेत. भेडाघाटच्या दगडी शिल्पकलेस २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांना दगड हवा आणि पर्यटकांना दगड जागच्या जागी पाहावयाचा आहे. खाणकामावर कठोर बंधने असणे अपरिहार्य आहे, यात दुमत नसावे. मात्र बंधन घालताना कारागिरांना कच्चा माल कोठून मिळेल, हे न ठरविल्यास मानांकनाचा कागद तेवढा शिल्लक राहील.

बांधकामाची गोष्टही तशीच आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही व त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते, असे २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो. मोठ्या शहरात तीनशे मीटर म्हणजे एखादी गल्ली. भेडाघाटात मात्र त्यात गावाचा मोठा भाग मोडू शकतो. वाढत्या कुटुंबाला एक खोली वाढवावयाची असली तरी नियमाचे पुस्तक उघडावे लागते. दुसरीकडे जबलपूर शहर या दिशेने पसरत आहे. शहराभोवती मोठा वळणरस्ता हाती घेण्यात आला आहे. असा रस्ता आला की पाठोपाठ जमिनींचे भाव आणि भूखंडांचे फलक येतात, हा अनुभव नाशिक किंवा नागपूरच्या वेशीवरील गावांनी घेतला आहे. भेडाघाटात त्या फलकांना परवानगी द्यावयाची की नाकारावयाची, याचा पहिला अर्ज नगर परिषदेच्या छोट्या कार्यालयातच येईल.