पाठांतर सोडा, कान द्या!

लोणावळ्यात शनिवार-रविवारी हॉटेलच्या रिसेप्शनवर पार्टटाइम काम करणाऱ्या मित्राला विचारा, ‘चेक आऊट’ म्हणजे काय? तो झोपेतही सांगेल, रूम सोडणं. तोच मित्र रात्री सीरिज बघतो. त्यात एक मैत्रीण दुसरीला म्हणते, ‘चेक इट आऊट!’ आणि ते याच्या डोक्यावरून जातं. इथे कुणीच रूम सोडत नाहीये. ती म्हणतेय, ‘अगं, हे बघ तरी!’ शब्द ओळखीचे, अर्थ भलताच. खरा लोच्या इथेच आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांचं ग्रामर चांगलं असतं. टेन्स येतात, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह येतं. पण कॅम्पस इंटरव्ह्यूत समोरून ‘वॉक मी थ्रू युअर प्रोजेक्ट’ असं आलं की गडबड होते. त्यांना चालायला जायचं नसतं, प्रोजेक्ट पहिल्यापासून समजावून सांगा एवढंच म्हणायचं असतं. उत्तर तयार असतं, प्रश्नच कळत नाही. आणि संधी जाते ती त्यामुळे.

मग आपण फ्रेजल व्हर्ब्जची यादी आणून पाठ करत बसतो. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे... आठवड्याभरात सगळ्याची खिचडी!

जरा मराठीकडे बघा. ‘बोलून टाक’, ‘बोलून दाखव’ आणि ‘बोलून बसलो’. क्रियापद एकच, पण शेपटी बदलली की भाव बदलतो. पहिल्यात मन मोकळं करायचंय, दुसऱ्यात मनातलं उघड करायचंय, तिसऱ्यात चक्क पस्तावा आहे. याची यादी तुम्हाला कुणी दिली होती? घरात, पारावर, एसटीत ऐकून ऐकूनच ते आलं. इंग्रजीत हेच शेपटीचं काम अप, आऊट, इन, ऑफ हे छोटे शब्द करतात. म्हणजे युक्ती जुनीच आहे, आपलं ऐकणं तेवढं कमी पडलंय.

‘बीटीएस’चा आरएम आठवा. 2017 मध्ये एलन डीजेनेरेसच्या शोमध्ये त्याने सांगितलं होतं, की तो इंग्रजी शिकला ‘फ्रेंड्स’ बघून. आईने डीव्हीडी आणून दिल्या होत्या. आधी कोरियन सबटायटल्स लावून बघितलं, मग इंग्रजी सबटायटल्स लावून, आणि शेवटी सबटायटल्सच काढून टाकली. सीरिज तीच, कान मात्र दर वेळी जास्त तयार.

सीरिजमध्ये सगळे भरभर बोलतात, म्हणून जोडीला भाषणं ऐका. स्टीव्ह जॉब्स यांचं 2005 मधलं स्टॅनफर्डचं भाषण जेमतेम पंधरा मिनिटांचं आहे. त्यांनी सहा महिन्यांत कॉलेज सोडलं, म्हणजे ‘ड्रॉप आऊट’ झाले. पण पुढे दीड वर्ष तिथेच राहून आवडीच्या वर्गांत जाऊन बसायचे, म्हणजे ‘ड्रॉप इन’. एका ‘आऊट’ आणि एका ‘इन’मध्ये अख्खी गोष्ट आहे. ती एकदा ऐकली, की हे दोन शब्द विसरायचे म्हटले तरी विसरत नाहीत.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 28 ऑगस्ट 1963 च्या भाषणात ‘ब्लो ऑफ स्टीम’ येतं. वाफ सोडून देणं, म्हणजे मनातला राग बाहेर काढून मोकळं होणं. कृष्णवर्णीय फक्त वाफ सोडतायत, आता शांत होतील, असं समजणाऱ्यांची निराशा होईल, असा इशारा त्यांनी दिला होता. हे चित्र आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्या बोरघाटात 1863 पासून रेल्वे धावतेय आणि सुरुवातीला ती वाफेच्याच इंजिनांवर चालायची. दम संपला तर ‘रन आऊट ऑफ स्टीम’, संकटात आशा दिसली तर ‘लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल’. खंडाळ्याचे बोगदे पाहिलेल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग करायचं काय? लोणावळा ते शिवाजीनगर लोकलला तासापेक्षा जास्त लागतो. रात्रीच दोन मिनिटांचा एखादा सीन डाउनलोड करून ठेवा. मळवली येईपर्यंत सबटायटल्स लावून बघा, कामशेतपर्यंत सबटायटल्स काढून. वडगावपर्यंत वहीत एकच वाक्य लिहा. सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य आणि ते कोण कुणाला का म्हणालं तेही. तळेगावपर्यंत त्याच धाटणीचं स्वतःचं वाक्य बनवा, आपल्या कॉलेजचं, आपल्या गावचं. आणि ते शेजारच्या मित्राला ऐकवा. तो हसला तर हसू दे, तुम्ही बोललात हे महत्त्वाचं.

एक मात्र सांभाळा. मित्रांसोबत ‘हँग आऊट’ चालतं, एचआरसमोर सीरिजची भाषा जशीच्या तशी चालत नाही. आपणही सरांना ‘काय रे’ म्हणत नाही ना, तसंच. म्हणून शब्द ऐकताना बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हेही ऐका. दिवसाला एक वाक्य म्हटलं, तरी सेमिस्टर संपेपर्यंत शंभरच्या आसपास होतील, आणि तीही न रट्टा मारता!